साहाय्यक नेमण्याआधी कोड वाचा

मार्च २०२४ मध्ये केंद्राने ‘इंडियाएआय मिशन’साठी १०,३०० कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. संगणनशक्ती येईल, पण कोड वाचण्याची सवय कोण लावणार?

‘संपूर्ण कोडबेस जाणणारा’ एआय साहाय्यक आज विद्यार्थ्यांच्या हाती आहे. हे ‘जाणणे’ म्हणजे काय? तो फायली धुंडाळतो, प्रश्नाशी जुळणारे तुकडे निवडतो आणि भाषा-प्रारूपापुढे ठेवतो. हवामान-प्रारूपातला एखादा स्थिरांक तसाच का ठेवला, हे फाइलीत लिहिलेले नसेल, तर साहाय्यक केवळ तर्क करतो. आणि तोही ठाम स्वरात.

अमेरिकेतील ‘एमईटीआर’ संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच परिचित कोडमधील २४६ कामे दिली. एआयमुळे त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. आपण २० टक्के वेगवान झालो, असा मात्र त्यांचा समज होता. जाणत्यांचा अंदाज इतका चुकतो, तर नवख्याने आपल्या वेगावर का भुलावे?

म्हणून आरंभी साहाय्यकाला केवळ प्रश्न विचारा: हे फंक्शन कोठून बोलावले जाते? ही चाचणी काय तपासते? प्रत्येक उत्तर फाइल उघडून पडताळा. लिहिण्याची मुभा त्यानंतर, तीही चाचण्यांच्या पहाऱ्यात. शोधनिबंध चुकला, तर जाब तुम्हालाच विचारला जाईल.