वेगाचा आकडा आणि वेगाची किंमत

बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या घडविल्या. त्या पिढ्यांना चित्त्याविषयी एक गोष्ट हमखास पाठ असते : तो सर्वांत वेगवान भूचर असून ताशी 110 ते 120 किलोमीटर धावतो. परीक्षेत एक गुण मिळवून देण्यास एवढे पुरते. परंतु हा आकडा कोणी मोजला, तो वेग कशामुळे शक्य होतो आणि त्यासाठी त्या प्राण्याला काय गमवावे लागते, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः शिक्षणाचा प्रारंभ तेथूनच व्हावयास हवा.

मोजमापे काय सांगतात? 2012 साली अमेरिकेतील सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातील सारा नावाच्या मादीने 100 मीटर अंतर 5.95 सेकंदांत कापले. तिचा कमाल वेग ताशी सुमारे 98 किलोमीटर भरला. माणसाचा विक्रम 9.58 सेकंदांचा आहे. बोट्स्वानातील पाच रानटी चित्त्यांच्या गळ्यांत यंत्रे बांधून नोंदविलेल्या 367 धावांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सर्वाधिक वेग ताशी 93 किलोमीटर होता. मात्र प्रत्येक धावेतील कमाल वेगाची सरासरी काढता ती ताशी 54 किलोमीटरांच्या आसपासच भरली. सरासरी धाव होती अवघी 173 मीटरांची आणि चार प्रयत्नांत शिकार साधे ती जेमतेम एकदा. चित्त्याचे खरे सामर्थ्य क्षणार्धात वेग घेण्यात, तितक्याच तत्परतेने तो आवरण्यात आणि वळण्यात आहे, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होय.

त्याची शरीररचनाही हेच सांगते. धनुष्यासारखा वाकून उलगडणारा कणा, लांब व सडपातळ पाय, लहान डोके, भरपूर हवा घेणाऱ्या रुंद नासिका, वळताना तोल सांभाळणारी लांब शेपटी आणि पूर्णपणे आत न जाणाऱ्या, धावपटूच्या खिळ्यांच्या बुटांप्रमाणे जमीन धरणाऱ्या नख्या. परंतु निसर्ग फुकट काही देत नाही. या हलकेपणापायी जबडा लहान राहिला, अंगी झुंजण्याचे बळ उरले नाही. सिंह, तरस वा बिबट्या आला की हाती आलेली शिकार सोडून त्याला निघून जावे लागते.

ही मर्यादा कोल्हापूरच्या चित्तेवानांना पुस्तकांवाचून ठाऊक होती. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळीत; देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर ते आफ्रिकेहून आणले जात. डोळ्यांवर टोपी चढवून त्यांना गाडीतून कळपाच्या शक्य तितके जवळ नेत आणि मगच सोडीत. लांबवरच्या पाठलागात चित्ता टिकत नाही, हे त्या व्यवस्थेमागील शहाणपण होते.

पुढे हा प्राणीच देशातून गेला. 1947 साली कोरिया संस्थानात मारले गेलेले तीन चित्ते भारतातील अखेरचे मानले जातात. 1952 साली तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले. त्यांच्या आगमनाचा आनंद आणि मृत्यूंची हळहळ दोन्ही स्वाभाविकच. पण मूळ प्रश्न जमिनीचा आहे. ज्या प्राण्याचे सारे शरीर दीडदोनशे मीटरांच्या मोकळ्या धावेसाठी घडले आहे, त्याला मोकळे माळ आणि त्यांवर चरणारी हरणे हवीतच.

नेमक्या याच माळरानांकडे महाराष्ट्रात तुच्छतेने पाहिले जाते. जेथे झाड नाही ते ओसाड आणि जेथे पीक नाही ते पडीक, अशी आपली समजूत. पुणे जिल्ह्यातील सुपे येथील चिंकारा आणि कर्जतजवळील रेहेकुरीचे काळवीट अशाच गवताळ तुकड्यांवर तग धरून आहेत. त्या माळांवर खड्डे खणून झाडे लावणे हे पुण्यकर्म वाटते. प्रत्यक्षात ते गवतावर जगणाऱ्यांचे घर मोडणे ठरू शकते.

म्हणून शिक्षकांनी चित्त्याचा वेग अवश्य शिकवावा; पण त्यासोबत विद्यार्थ्यांना एकदा सुप्याचा माळही दाखवावा. धावायला जमीनच उरली नाही, तर वेगाचा आकडा केवळ पुस्तकात राहील.