ॲम्बॅसेडर भंगारात काढण्याआधी

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागासाठी लिहिणार म्हटल्यावर रूममेट पाच मिनिटं हसत होती. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण हा विषय मला इंग्लिशमध्ये लिहिताच येईना. कारण यातलं जे काही मला कळलं, ते वर्कशॉपच्या मागे, हाताला ग्रीस लागलेलं असताना, मराठीतच कळलं.

वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक पांढरी ॲम्बॅसेडर उभी आहे. होस्टेलच्या मुलांना ती माहीत असेलच, तिच्या बॉनेटवर बूट वाळत घातलेले मी स्वतः पाहिलेत! एके काळी ती प्राचार्यांची गाडी होती. पेट्रोल इंजिन, १४८९ सीसी, ब्रिटनच्या बीएमसी बी-सिरीज घराण्यातलं. हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाडा कारखान्यातलं ॲम्बॅसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबवलं, त्याच्याही बऱ्याच आधीची ही गाडी. आता ती डेड स्टॉक रजिस्टरमधून काढून भंगारात देणार असं ऐकते. माझं म्हणणं एवढंच, की देऊ नये. यात जुन्या आठवणी वगैरे काही नाहीत. आमच्या घरी ॲम्बॅसेडर कधी नव्हतीच. मला ती गाडी हवी आहे, कारण ती बिघडते.

आपल्या जर्नलमध्ये ‘स्टडी ऑफ बॅटरी इग्निशन सिस्टिम’ नावाचं प्रॅक्टिकल आहे. तुम्ही सगळ्यांनी ते लिहिलंय, म्हणजे सीनियरच्या जर्नलवरून उतरवलंय. मीही उतरवलं. बॅटरी, कॉइल, कॉन्टॅक्ट ब्रेकर, कंडेन्सर, डिस्ट्रिब्यूटर, चार प्लग. खाली फायरिंग ऑर्डर १-३-४-२. आकृतीला मार्क मिळाले, व्हायव्हात ‘कंडेन्सर कशासाठी?’ विचारलं, उत्तर आलं. संपलं.

मग गेल्या टेक-फेस्टला आम्ही चौघांनी ती गाडी चालू करून दाखवायचं ठरवलं. चालू झाली सुद्धा. आयडलिंग बरं होतं. पण ॲक्सिलरेटर थोडासा दाबला की इंजिन मिसिंग करायचं, सगळी गाडी थरथरायची. गंमत म्हणजे पूर्ण दाबला की पुन्हा ठीक. जो येईल तो म्हणे, ‘कार्बोरेटर साफ करा.’ केला. दोनदा केला. काही फरक नाही. मग आम्ही वर्गणी काढून पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, चारही प्लग आणि प्लगच्या वायरी असं सगळं नवीन आणलं आणि एकाच संध्याकाळी बसवलं. वायरी मी लावल्या, जर्नल समोर धरून.

गाडी नीट चालूच होईना. दोन सिलिंडर कसेबसे फायर होत होते आणि बाकीचे कार्बोरेटरमधून शिंकत होते. एक मित्र म्हणाला, नवीन कंडेन्सर डुप्लिकेट असेल. दुसरा म्हणाला, कॉइल गेली. तेव्हा आमच्याकडे सहा नवीन वस्तू होत्या आणि यातली कुठली बरोबर, कुठली चूक, हे सांगायला एकही पुरावा नव्हता.

शेवटी वर्कशॉपच्या मामांनी गावातल्या एका जुन्या मेकॅनिक काकांना बोलावलं. त्यांनी कशालाही हात लावायच्या आधी विचारलं, ‘हे सगळं बदलायच्या आधी गाडी नक्की काय करत होती?’ आम्ही एकमेकांकडे बघितलं. कुणी लिहून ठेवलं नव्हतं. कशी खात होती, गरम झाल्यावर की थंड असताना, हलक्या रेसला की चढाला... त्यांच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं आम्ही अंदाजाने दिली.

‘डेल्को उघड पोरी,’ ते म्हणाले. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. (हे नाव कुठून आलं ते मी नंतर शोधलं. चार्ल्स केटरिंग यांनी कॉइल आणि पॉइंटची इग्निशन कॅडिलॅकसाठी तयार केली, आणि १९०९ मध्ये त्यांची जी कंपनी निघाली तिच्या लांबलचक नावाचं लघुरूप म्हणजे डेल्को. आपण परीक्षेत ‘केटरिंग इग्निशन’ लिहितो आणि गॅरेजमध्ये ‘डेल्को’ म्हटलं की हसतो!) कॅप काढून त्यांनी इंजिन हाताने फिरवायला लावलं. ‘रोटर कुठे चाललाय बघ.’ रोटर डावीकडे, घड्याळाच्या उलट फिरत होता. जर्नलमधल्या आकृतीत तो घड्याळाप्रमाणे फिरतो. म्हणजे मी १ आणि ४ नंबरच्या वायरी बरोबर लावल्या होत्या आणि २ नि ३ ची अदलाबदल केली होती. ३ नंबरच्या कॉम्प्रेशनला ठिणगी जात होती २ नंबरला, जिथे त्या वेळी इनटेक व्हॉल्व्ह उघडत होता. म्हणून शिंका. ती आकृती किती बॅच उतरवून आल्यात देव जाणे.

वायरी बदलल्या. मग त्यांनी आमचे जुने पार्ट एकेक करून परत बसवले. गाडी चालू झाली आणि पहिल्यासारखी मिसिंग करायला लागली. आमचे चेहरे पडले, काका मात्र खूश! म्हणाले, ‘आत्ता कुठे बिघाड परत आला. आता सापडेल.’

यापुढची दहा मिनिटं मी तीन वर्षांत शिकलेल्या कुठल्याही लेक्चरपेक्षा महत्त्वाची मानते (सरांनी माफ करावं). त्यांनी कार्बोरेटरपासून डेल्कोकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी काढली आणि तिच्या तोंडावर बोट ठेवलं. मिसिंग बंद. नळी लावली, परत सुरू. आता विचार करा. मिश्रण जळायला लागणारा वेळ काही इंजिनच्या वेगाबरोबर त्या प्रमाणात कमी होत नाही. ७५० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक ४.५ अंश फिरतो, ३००० ला १८ अंश. म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी, ते काम आतली वजनं करतात. आणि हलक्या थ्रॉटलला मिश्रण आणखी सावकाश जळतं, म्हणून व्हॅक्यूम पॉइंटची प्लेट थोडी फिरवून टायमिंग अजून पुढे घेतं. आयडलला या नळीत व्हॅक्यूम जवळजवळ नसतं, फुल थ्रॉटललाही नसतं. म्हणजे प्लेट हलते ती फक्त मधल्या वेळी, नेमकी जेव्हा गाडी खात होती तेव्हा.

प्लेटबरोबर आतली एक मऊ वायर हलते, पॉइंटला करंट देणारी. वरून अगदी धडधाकट दिसत होती. काकांनी ती हलकेच ओढली तर इन्शुलेशन रबरासारखं ताणलं गेलं. आतली तार तुटलेली होती. प्लेट जागेवर असताना टोकं टेकत होती, फिरली की सुटत होती. नवीन घेतलेल्या सहा वस्तूंमध्ये ही वायर नव्हती.

वायर टाकून झाल्यावर पॉइंटचा गॅप फिलर गेजने पंधरा थाऊ लावला आणि मगच टायमिंग. आधी टायमिंग आणि मग गॅप केला तर टायमिंग पुन्हा हलतं, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो. कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला आणि बॉडीला बारा व्होल्टचा बल्ब जोडायचा, क्रँक पुलीची खाच खुणेवर आणायची, आणि बल्ब लागतो त्या क्षणी डेल्को कसायचा. पॉइंट बंद तर बल्ब विझलेला, उघडला की पेटलेला. खुणा बघायला मी गाडीखाली झोपले होते, पंजाबी ड्रेस कायमचा गेला.

आता मला उत्तर काय मिळतं? ‘हे पॉइंट-कंडेन्सर आज कोण वापरतं? आता ईसीयू आहे, स्कॅनर लावला की कोड येतो.’ येतो की. पी०३०० आला तर त्याचा अर्थ एवढाच, की एकापेक्षा जास्त सिलिंडर मिसफायर होतायत. कॉइल, इंजेक्टर, पेट्रोलचं प्रेशर की इन्शुलेशनच्या आत तुटलेली वायर, हे तुम्हीच शोधायचं. कोड बघून एकामागून एक पार्ट बदलणारे लोक आणि त्या संध्याकाळचे आम्ही, यात फरक काय? आणि या गाडीत निदान सगळं डोळ्यांना दिसतं.

स्टाफच्या अडचणी मला मान्य आहेत. पेट्रोल आहे, हाय टेन्शनचा झटका आहे, फिरता फॅन आहे, ओढणी आणि सैल बाही तिथे चालणारच नाही. गाडीचं रजिस्ट्रेशन संपलंय, ती गेटबाहेर न्यायची नाही, हेही कबूल. तिच्याऐवजी ट्रेनर किट घ्यायचं चाललंय असं कळतं. असं किट मी दुसऱ्या एका कॉलेजात पाहिलंय. बोर्डावर फॉल्टची बटणं असतात. कुठलं बटण दाबलं की काय होतं, हे पहिली बॅच दुसऱ्या बॅचला जेवणाच्या सुट्टीत सांगून टाकते.

त्यापेक्षा दर सेमिस्टरला सरांनी या गाडीत एक बिघाड करून ठेवावा. कधी गॅप मिटवावा, कधी दोन वायरी बदलाव्या, कधी अर्थ सैल करावा. ग्रुपने आधी लक्षणं लिहायची, मग काय तपासणार आणि त्यातून काय कळेल ते लिहायचं, मग हात लावायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मार्क त्या कागदाला द्यावेत, गाडी चालू झाली नाही तरी. हे पान सीनियरकडून उतरवता येणार नाही, कारण बिघाड त्याचा वेगळा असेल.

राइट ऑफची यादी सेमिस्टर संपायच्या आत जाणार म्हणतात. तोवर आम्ही चौघं शनिवारी दुपारी शेडमध्ये असतो, किल्ली मामांकडे आहे. कुणाला पॉइंटचा गॅप लावून बघायचा असेल तर जुने कपडे घालून या. आणि बॉनेटवरचे बूट कृपया घेऊन जा.

– टी. ई. मेकॅनिकलची एक विद्यार्थिनी