विश्लेषण : रिचार्ज सारखेच, रेंज वेगळी… जुन्नर-आंबेगावच्या मोबाइल सेवेचे दुखणे काय?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारातला शेतकरी आणि आहुपे खोऱ्यात हिरडा गोळा करणारे कुटुंब मोबाइल रिचार्जला सारखेच पैसे मोजतात. मिळणारी सेवा मात्र सारखी नसते. जुलै २०२४ मध्ये प्रमुख खासगी कंपन्यांनी दर वाढवले, ती वाढही दोघांना सारखीच लागू झाली. मग सेवेतला हा फरक आकडेवारीत का दिसत नाही? नियम काय सांगतात? आणि ग्राहकाच्या हातात नेमके काय आहे?

तक्रार नेमकी काय आहे?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मोबाइल सेवेबद्दल दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. पूर्वेकडे, म्हणजे पुणे-नाशिक महामार्गालगतच्या मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात रेंज असते, पण गुणवत्ता नसते. फोनवर दांड्या पूर्ण दिसतात आणि संध्याकाळी व्हिडीओ अडकतो, कॉल मध्येच तुटतो. एका टॉवरची क्षमता ठरलेली असते. बाजाराच्या दिवशी किंवा शिवजयंतीला शिवनेरीच्या पायथ्याशी गर्दी झाली की तीच क्षमता हजारो फोनमध्ये वाटली जाते.

पश्चिमेकडे प्रश्न मुळातच रेंजचा आहे. आंबेगावातले आहुपे आणि पाटण खोरे, भीमाशंकरकडे जाणारा पट्टा, जुन्नरमधला घाटघर-अंजनावळे, इंगळून, आंबे-हातवीज हा डोंगराळ भाग. इथल्या वाड्या एकमेकींपासून दूर, उतारावर विखुरलेल्या. घराच्या एका कोपऱ्यात, एखाद्या टेपाडावर किंवा रस्त्याच्या विशिष्ट वळणावरच फोन लागतो. ‘रेंजवर जाऊन येतो’ हे वाक्य इथे ‘बाजारात जाऊन येतो’ इतकेच रोजचे आहे.

रेंज नसणे आता इतके महागात का पडते?

कारण फोन आता केवळ बोलण्यासाठी राहिलेला नाही. रेशन दुकानातले पॉस यंत्र अंगठा जुळवायला नेटवर्क मागते. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोन वेळा अ‍ॅपवर छायाचित्र काढून नोंदवणे बंधनकारक झाले. ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला पिकाचे छायाचित्र स्वतः भरावे लागते. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी आधारशी जोडलेल्या क्रमांकावर ओटीपी येणे आवश्यक होते. काही अ‍ॅपमध्ये माहिती साठवून नंतर पाठवता येते, पण ओटीपीला ती सवलत नाही. काही मिनिटांत तो भरला नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुसरे कारण जिवाचे आहे. ३० जुलै २०१४ रोजी पहाटे आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले. १५१ जणांचा मृत्यू झाला. गाव जागेवर नाही, हे नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाच्या लक्षात आले आणि त्याने खबर दिली. त्यानंतर देशाने मोबाइलवरून आपत्तीचा इशारा देणारी यंत्रणा उभी केली. २०२३ मध्ये तिच्या चाचणीचे मोठ्याने वाजणारे संदेश अनेकांनी अनुभवले. पण हा इशारा टॉवरमार्फत येतो. ज्या उतारावर दरडीचा धोका आहे, तिथे रेंजच नसेल तर इशारा वाजणार कुठे?

डोंगरात रेंज अडते कशी?

मोबाइलच्या लहरी बऱ्याच अंशी प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात. मध्ये सह्याद्रीचा कडा आला की पलीकडच्या खोऱ्यात सावली पडते. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारितेच्या लहरी लांब जातात आणि अडथळ्यांना थोडाफार वळसा घालतात. वेगवान फाइव्ह-जीसाठी वापरला जाणारा ३५०० मेगाहर्ट्झचा पट्टा जास्त डेटा वाहतो, पण त्याचा पल्ला कमी असतो. म्हणून शहरात उत्तम चालणारी सेवा खोऱ्यात तशीच चालेल असे नाही.

डोंगर लहरी अडवतात, ही गोष्ट जुन्नर तालुक्याला नवी नाही. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण इथे उभारण्याच्या कारणांत या परिसरातला कमी रेडिओ गोंगाट आणि भोवतालच्या डोंगरांची आड यांचा समावेश होता. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या या दुर्बिणीला जी आड सोयीची, तीच आड पश्चिमेच्या खोऱ्यांत फोनच्या मुळावर येते.

टॉवर उभा राहिला तरी प्रश्न संपत नाही. त्याला वीज लागते आणि पुढच्या जाळ्याशी जोडणी लागते. पावसाळ्यात वीज गेली की बॅटरी काही तास तग धरते, मग डिझेल जनरेटर नसेल किंवा डिझेल पोहोचले नसेल तर टॉवर बंद. जोडणी फायबरची असेल तर रस्त्याच्या खोदाईत किंवा दरडीत ती तुटते. सूक्ष्मलहरींची असेल तर मुसळधार पावसात क्षीण होऊ शकते. त्यामुळे टॉवर डोळ्यांना दिसतो आणि फोन मात्र लागत नाही.

शिवाय काही भाग भीमाशंकर अभयारण्यात आणि वनक्षेत्रात येतो, तिथे परवानग्या लागतात. आणि शेवटी हिशेब: चार वाड्यांतल्या काहीशे ग्राहकांसाठी टॉवरचा खर्च निघत नाही. खासगी कंपनी तो स्वतःहून करत नाही.

नियम काय सांगतात?

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ‘ट्राय’चे सेवा गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. मोबाइल सेवेची कामगिरी आता तिमाहीऐवजी दर महिन्याला तपासली जाते. टू-जी, थ्री-जी, फोर-जी, फाइव्ह-जी यापैकी कोणती सेवा कुठे मिळते, याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. दंडाची रक्कमही वाढली असून ती १० लाख रुपयांपर्यंत जाऊ शकते.

सेवा खंडित झाल्यास भरपाईची तरतूदही पहिल्यांदाच आली. जिल्हा पातळीवर सेवा चार तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर कंपनीने ट्रायला कळवायचे. ती २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला त्या दिवसांचे भाडे परत आणि प्रीपेड ग्राहकाला तेवढ्या दिवसांची मुदतवाढ द्यायची.

मग याचा फायदा खोऱ्यातल्या ग्राहकाला का होत नाही?

मेख ‘जिल्हा पातळी’ या शब्दांत आहे. पुणे जिल्ह्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही महानगरे येतात. आहुपे खोऱ्यातला एखादा टॉवर पावसाळ्यात आठवडाभर बंद पडला, तरी पुणे जिल्ह्याची सेवा बंद पडत नाही. त्यामुळे नियमाच्या भाषेत काही घडलेलेच नसते. भरपाईही नाही.

सरासरीचेही तसेच. कामगिरीचे आकडे मुख्यतः दूरसंचार परिमंडळाच्या पातळीवर मांडले जातात. महाराष्ट्र परिमंडळात मुंबई येत नाही, गोवा येतो. म्हणजे हातवीजचा अनुभव पणजी, नागपूर आणि पुण्याच्या अनुभवात मिसळून जातो.

एक साधे गणित पाहू. ट्रायच्या २००९ च्या नियमावलीत दोन निकष होते. सर्व टॉवर मिळून महिन्यातील बंद वेळ दोन टक्क्यांपेक्षा जास्त नको. आणि महिन्यात २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिलेले टॉवर दोन टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. समजा १०० टॉवर आहेत. ३० दिवसांच्या महिन्यात त्यांचे मिळून ७२ हजार तास होतात. त्यातले दोन टॉवर संपूर्ण महिना बंद राहिले तर बंद वेळ १,४४० तास, म्हणजे बरोबर दोन टक्के. बाकीचे ९८ अखंड चालले, तर दोन्ही निकष पूर्ण! कागदावर कंपनी उत्तीर्ण आणि दोन खोरी महिनाभर मुकी. ते दोन टॉवर बहुधा कुठले असतील, हे सांगायला नको. नव्या नियमांनी मोजमाप बारीक केले हे खरे, पण सरासरीचा स्वभाव बदललेला नाही.

सरकारी योजनांचे काय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २७ जुलै २०२२ रोजी फोर-जी नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. काम बीएसएनएलकडे देण्यात आले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी तंत्रज्ञानावरील फोर-जी जाळ्याचे उद्घाटन झाले. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक महत्त्वाची सोय सुरू झाली. डिजिटल भारत निधीच्या पैशातून उभारलेल्या टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओचे ग्राहक एकमेकांचे फोर-जी जाळे वापरू शकतील, अशी ती व्यवस्था. एका डोंगरावर तीन कंपन्यांचे तीन टॉवर उभे राहण्याची वाट पाहण्यापेक्षा हे शहाणपणाचे आहे.

मात्र इथेही मोजमाप ‘गाव’ हेच आहे. सह्याद्रीत महसुली गाव एक आणि वाड्या पाच-सहा. गावठाणात रेंज आली की यादीत गावापुढे खूण होते. दोन किलोमीटरवरची वाडी डोंगराच्या आड असेल तर ती कोणत्याच यादीत नसते.

ग्राहकाने काय करावे?

कंपनी निवडण्याआधी तिच्या संकेतस्थळावरचा नकाशा पाहा, पण शेजाऱ्याच्या फोनवर प्रत्यक्ष खात्री करा. नकाशा बहुधा संगणकीय अंदाजावर आधारलेला असतो. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर ‘PORT’ हा शब्द आणि आपला क्रमांक १९०० वर एसएमएसने पाठवावा. त्याच परिमंडळात हे काम साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत होते. आधीच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असावेत.

डेटा चालतच नसेल तर त्याचे पैसे का भरायचे? ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. ते दुकानदार स्वतःहून सुचवेलच असे नाही, मागून घ्यावे.

रेंज गेली की कंपनीच्या १९८ क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. समाधान झाले नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. अपील विनाशुल्क असते आणि ३९ दिवसांत निकाली काढावे लागते. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र खुला आहे. मोबाइल सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांत शुल्क लागत नाही.

संकटात आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून पाहा. दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे जाळे उपलब्ध असेल तर हा कॉल त्यावरून जातो.

ग्रामसभेच्या हातीही एक साधन आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना यांच्याबरोबर दूरसंचाराच्या तारांसाठीही मर्यादित वनजमीन वापरण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. परवानगी अडली आहे असे सांगितले जात असेल, तर प्रस्ताव आला होता का, हे ग्रामसभेने विचारायला हवे.

काय बदलायला हवे?

जुन्नर-आंबेगावचे दुखणे केवळ टॉवरच्या संख्येचे नाही, ते मोजपट्टीचे आहे. भरपाईसाठी एकक जिल्हा नव्हे, टॉवरचे क्षेत्र असावे. कोणता टॉवर महिन्यात किती तास बंद होता, ही माहिती कंपन्यांकडे असतेच. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवी. दरडप्रवण गावांजवळच्या टॉवरना पावसाळ्यापुरता तरी जादा बॅटरीसाठा सक्तीचा करावा आणि ‘गाव जोडले’ अशी नोंद करण्याआधी वाड्यांत फिरून मोजणी व्हावी.

तोपर्यंत निदान एवढे तरी व्हावे. जिथे रेंजच्या अभावी अंगठा जुळत नाही, तिथे रेशन थांबू नये. जिथे ओटीपी येत नाही, तिथे बहिणीचा हप्ता अडू नये. सरकारने कारभार फोनवर नेला आहे. फोन लागत नसेल तर त्याची किंमत वाडीतल्या माणसाने का मोजायची?