वाघ नसलेलं जंगल



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग लेकीकडे राहिले, आणि यंदा जानेवारीत लेक-जावयाने मला अंदमान दाखवून आणलं. "बाई, प्रवासवर्णन लिहा" असा तुमच्यापैकी काहींचा आग्रह आहे. पण सेल्युलर जेलबद्दल आणि तिथल्या किनाऱ्यांबद्दल इतक्यांनी लिहिलंय की माझी त्यात भर कशाला? माझ्या मनात रेंगाळलं ते वेगळंच.

पोर्ट ब्लेअरजवळ (२०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम) चिडिया टापू म्हणून जागा आहे. संध्याकाळी तिथल्या झाडीतून आम्ही चालत होतो. उंचच उंच झाडं, वेलींची गर्दी, पाखरांचा कालवा. नातवाने विचारलं, "आजी, इथे वाघ नाही ना?" म्हटलं, "नाही रे, बिबट्यासुद्धा नाही." तो म्हणाला, "मग हे जंगल आपल्यापेक्षा चांगलंय!"

मी हसले, पण खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं. आयुष्य चंद्रपूर जिल्ह्यात गेलं. आमच्याकडे अंधार पडू लागला की जंगलाच्या कडेने कोणी रमतगमत चालत नाही. २०२२ साली तर चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातच वाघाने एका कामगाराला मारलं. आणि इथे मी सत्तरी ओलांडलेली बाई संध्याकाळी झाडीतून बिनधास्त चालत होते.

दुसऱ्या दिवशी रॉस बेटावर गेलो. २०१८ पासून ते नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. इंग्रजांच्या वेळच्या पडक्या इमारती, त्यांना झाडांच्या मुळांनी घातलेला विळखा, आणि मधून मोकाट फिरणारी चितळं. एकाने तर नातवाच्या हातचा खोबऱ्याचा तुकडा खाल्ला! माझा जीव हरखून गेला. ताडोबातलं चितळ म्हणजे कान टवकारलेलं, पाय उचलून ठेवलेलं. ते ओरडलं की गाईड जिप्सी थांबवायला सांगतो, कारण वाघ जवळपास आहे. इथलं चितळ मात्र गोठ्यातल्या वासरासारखं.

परतीच्या बोटीत शेजारी तिथलेच एक गृहस्थ बसले होते. मी चितळांचं कौतुक केल्यावर ते म्हणाले, "माताजी, हे आमचे नव्हेत. इंग्रजांनी शिकारीसाठी आणले." घरी येऊन जावयाकडून इंटरनेटवर शोधून घेतलं, तर खरंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चितळ तिथे आणलं गेलं. त्याला खाणारं कोणीच नाही, म्हणून ते बेटाबेटांवर पसरलं आणि कोवळी रोपं खात सुटलं. जुनी झाडं उभी आहेत, पण खाली नवीन उगवण होऊ देत नाही. १९५० च्या दशकात चितळांना आवर घालायला बिबटे आणून सोडले, तेही टिकले नाहीत. म्हणजे नातवाला आवडलेल्या जंगलाला आतून कीड लागली आहे, आणि तिचं कारण त्याला आवडलेलं तेच खोबरं खाणारं गोंडस चितळ!

पस्तीस वर्षं मी परिसर अभ्यास शिकवला. गवत, चितळ, वाघ अशी साखळी फळ्यावर काढायची, मध्ये बाण. "वाघ पुसला तर काय होईल?" असं विचारून डस्टरने वाघ पुसायची. पुसल्यावर काय होतं ते प्रत्यक्ष पाहायला मात्र समुद्र ओलांडून जावं लागलं.

इथवर लिहून थांबले असते तर 'वाघ वाचवा' असा छान निबंध झाला असता. पण मार्च महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. मूल तालुक्यातल्या जंगलालगतच्या गावात तिचं सासर. पिशवीतून वाळलेली मोहफुलं आणली होती. मी उत्साहाने अंदमानचे फोटो दाखवले, वाघाचं महत्त्व सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं. तिची जाऊ तीन वर्षांपूर्वी पहाटे मोहफुलं वेचताना वाघाने मारली, हे मला माहीत होतं. बोलण्याच्या भरात मी विसरले होते.

ती एवढंच म्हणाली, "बाई, तुमी पैसे देऊन वाघ पाहाले जाता. आमी तो दिसू नये म्हून देवाले नारळ फोडतो."

मला काही बोलता आलं नाही. माझ्या फळ्यावरच्या साखळीत मोहफूल वेचणारी बाई मी कधी काढलीच नव्हती.

मंडळी, या बायका हौसेने जंगलात जात नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये मोह, मेमध्ये तेंदूपान, वर्षभर सरपण. मोहफूल पहाटे गळतं आणि ते वाकून वेचावं लागतं. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखंच दिसत असणार. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या. गडचिरोलीकडे वडसा भागात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मिळून १३ माणसं मारणारा सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडला गेला. त्याच्या आदल्या वर्षी छत्तीसगडातून रानटी हत्ती गडचिरोलीत आले, ते धानाच्या बांध्या तुडवू लागले. शहरातली माणसं यावर सहज म्हणून जातात, "हे लोक जंगलात जातातच कशाला?" हेच लोक दोन महिन्यांनी मोहर्ली गेटवर "साइटिंग झालं का?" म्हणून विचारत असतात.

माझं म्हणणं वाघ नको असं नाही. वाघ हवाच, तो नसला की काय होतं ते पाहून आले. पर्यटनाने बफरमधल्या पोरांना गाईडचं, जिप्सी चालवण्याचं काम मिळालं, हेही खरं. मृत्यू झाल्यास शासन आता २५ लाख रुपये देतं. पण ते माणूस गेल्यावर. जंगल सगळ्या देशाचं असेल, तर त्याची किंमत एकट्या मोह वेचणाऱ्या बाईने का मोजावी? गावात गॅसचं सिलिंडर परवडेल अशा दरात मिळावं, मोहाच्या दिवसांत पहाटे सोबतीला राखणदार असावा, वाघ फिरतोय ही बातमी जिप्सीवाल्यांच्या आधी तिच्या दारात पोचावी. तिकिटाच्या पैशांतून आधी हे व्हावं. यात अशक्य काय आहे?

आणि आपण पाहुण्यांनीही थोडं शिकावं. अंदमानात वंडूरच्या किनाऱ्यावर मगरीपासून सावध राहण्याच्या पाट्या आहेत. आम्ही त्या वाचल्या, लांबून पाणी पाहिलं आणि हॉटेलवर परतलो. तिथला कोळी कुठे परतणार? त्याचं घर तिथेच.

परवा नातवाचा फोन आला होता. म्हणाला, "आजी, मे महिन्यात ताडोबाला जाऊ, वाघ बघायला." म्हटलं, जाऊ. पण एक दिवस आधी ये. माझ्या विद्यार्थिनीच्या गावी जाऊन तिच्या हातची भाकरी खाऊ, तिचं ऐकून घेऊ. मग वाघ दिसला तर दिसला.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.