करार व्याह्यांचा, दोष सुनेचा

घर बुडाले की सून पांढऱ्या पायाची ठरते. ही रीत केवळ आपल्याकडचीच आहे असे वाचकांनी समजू नये. सुमारे २९०० वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या पूर्व काठी इस्राएल नावाचे एक छोटे राज्य होते. तेथला राजा ओम्री याच्या घरात शेजारच्या सोर नगरीची राजकन्या सून होऊन आली. तिचे नाव ईजबेल. पुढे त्या घराण्याचा नाश झाला आणि त्याचे सारे खापर तिच्या माथी फुटले. ते इतके की पाश्चात्त्य भाषांत निर्लज्ज, कपटी बाईला आजही तिच्या नावाने शिवी देतात. माझे भांडण या शिवीशी आहे.

शिवीत बापाचे नाव येत नाही, म्हणून आधी बापाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव एथबाल. ‘बआल ज्याच्या सोबत आहे तो’ असा त्याचा अर्थ. जोसेफस या यहुदी इतिहासकाराने मेनँडर नावाच्या जुन्या ग्रीक लेखकाच्या आधाराने त्याची हकीकत दिली आहे. हा मूळचा अस्तार्ते देवीचा पुजारी. गादीवरच्या राजाला ठार करून हा राजा झाला आणि त्याने ३२ वर्षे राज्य केले. देवळाची घंटा आणि राज्याचा शिक्का एकाच हातात आल्यावर तो हात किती लांब पोहोचतो, हे वेगळे सांगायला नको.

सोर ही फिनिशियन व्यापाऱ्यांची नगरी, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरची. तिच्यापाशी जहाजे होती, देवदाराचे लाकूड होते, हस्तिदंतावर नक्षी कोरणारे कारागीर होते. नव्हती ती पोटापुरती शेतजमीन. इस्राएलपाशी गहू होता, तेल होते, पूर्वेकडून येणाऱ्या व्यापाराच्या वाटा होत्या. दोघांनाही दमास्कसच्या राजांचा शेजार जाचत होता आणि त्यापलीकडे अश्शूरचे बळ वाढत होते. दोन शहाण्या व्याह्यांनी मग जे करायचे तेच केले. ओम्रीच्या मुलाला, अहाबाला, एथबालाची मुलगी दिली. हे लग्न ओम्रीच्या हयातीतच ठरले असावे असे अभ्यासक मानतात. मुलीला कोणी विचारले असेल, असे निदान मला तरी वाटत नाही.

करारात मुलगी आली, तिच्याबरोबर तिचे देवही आले. अहाबाने शोमरोन या राजधानीत बआलाचे देऊळ बांधले. ‘येथेच धर्म बुडाला!’ असे जुना आरोप म्हणतो. पण जरा मागचे पान उलटा. याच लोकांच्या शलमोन राजाने, जो शहाणपणाचा पुतळा म्हणून गाजला, यरुशलेमचे पवित्र मंदिर बांधले ते कोणाच्या मदतीने? सोरचाच आधीचा राजा हिराम याच्या. लाकूड हिरामचे, कारागीर हिरामचे. त्याबद्दल गहू आणि तेल द्यायचे ठरले, आणि पुढे शलमोनाने गालीलातील वीस गावेही त्याला देऊन टाकली. शिवाय याच शलमोनाने सीदोनी लोकांच्या देवीचे ठाणे यरुशलेमसमोरच्या टेकडीवर उभारले. त्याबद्दल ग्रंथाने त्याला दोष दिला आहे, नाही असे नाही. पण शलमोनाच्या नावाची शिवी झाली का? नाही. सोरचा गवंडी चालतो, सोरचा सुतार चालतो. सोरची सून आली की मात्र धर्म बाटतो!

आणि अहाबाने आपला देव टाकला होता म्हणावे, तर त्याच्या मुलांची नावे पाहा. अहज्या, यहोराम. दोन्ही नावांत इस्राएलच्या परमेश्वराचेच नाव गुंफलेले आहे. मुलांना अशी नावे ठेवणारा राजा कुलदैवत सोडून गेला होता, हे पटण्याजोगे नाही. राजकारणाच्या सोयीसाठी त्याने दोन्ही डगरींवर हात ठेवला होता, एवढेच.

या सगळ्यांविरुद्ध उभा राहिला तो एलीया संदेष्टा. आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोक ज्या एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात, तोच हा. त्याच्याविषयी मला मोठा आदर आहे आणि माझा वाद त्याच्याशी नाही. मोठा दुष्काळ पडला तेव्हा तो कोठे राहिला, पाहा. सीदोनच्या मुलखात, सारफथ गावी, एका गरीब विधवेच्या घरी. मूठभर पिठातली भाकर तिने आधी त्याला दिली. एथबालाच्या देशातली बाई संदेष्ट्याला जगवते, ही गोष्ट त्याच ग्रंथात आहे. पण तिच्या नावाने जगात कोणी कोणाला गौरवीत नाही. तिचे नावच कोणी लिहून ठेवले नाही.

त्या दुष्काळाचीही गंमत आहे. इस्राएलचा ग्रंथ सांगतो, कर्मेल डोंगरावर एलीयाने प्रार्थना केली आणि पाऊस आला. मेनँडर सांगतो, एथबालाच्या काळात वर्षभर पाऊस नव्हता, राजाने देवांची करुणा भाकली आणि मेघ गडगडले. जोसेफसाच्या मते दुष्काळ एकच. ढग दोन्ही राज्यांवर सारखेच बरसले. श्रेय मात्र ज्याने त्याने आपापल्या वहीत जमा केले.

आता कोणी नाबोथाचे नाव काढील, आणि काढावेच. राजवाड्यालगतचा वडिलोपार्जित द्राक्षमळा या गरिबाने विकायचे नाकारले. ईजबेलीने अहाबाच्या नावाने पत्रे लिहिली, त्याच्याच शिक्क्याने ती मोहोरबंद केली, खोटे साक्षीदार उभे राहिले आणि नाबोथ दगडांखाली मेला. हे पाप आहे, त्याला क्षमा नाही. पण एलीया आधी कोणापुढे जाऊन उभा राहिला? अहाबापुढे. खून करून वर मळाही बळकावलास ना, असे त्याने राजाला तोंडावर विचारले. राणीलाही शाप दिला, पण पहिला आरोप गादीवर. ग्रंथकर्त्याने मात्र ‘बायकोच्या चिथावणीने’ अशी पुस्ती जोडली, आणि पुढच्या पिढ्यांनी ती पुस्ती तेवढी पाठ केली. गरिबाच्या जमिनीचा प्रश्न बाजूला पडला. राणीच्या डोळ्यांतले काजळ तेवढे लक्षात राहिले.

मग येहू नावाच्या सेनापतीने बंड केले. ईजबेलीला खिडकीतून खाली लोटले, अहाबाचे घराणे कापून काढले, बआलाचे देऊळ पाडले. धर्म शुद्ध झाला! राज्याचे काय झाले? इ. स. पूर्व ८५३ मध्ये कर्कारच्या लढाईत अश्शूरविरुद्ध शेजारी राजांची फळी उभी राहिली, तेव्हा तीत अहाबाचे २००० रथ होते असा आकडा खुद्द अश्शूरच्या राजाच्या शिलालेखात आहे. बंडानंतर, इ. स. पूर्व ८४१ मध्ये, येहूने त्याच अश्शूरच्या राजाला खंडणी भरली. काळ्या पाषाणस्तंभावर ते चित्र कोरलेले आहे: इस्राएलचा राजा जमिनीला कपाळ टेकवून पडलेला. सोरची सोयरीक तुटली होती, दमास्कसने यार्देनेपलीकडचा मुलूखही हिसकावला.

या पडझडीचा दोष कोणी येहूला देत नाही. कारण कथेला खलनायिका आधीच मिळालेली होती, आणि ती परक्या घरची होती. आम्ही कादंबऱ्या लिहिणारी माणसे हे जाणतो की परक्या बाईला दोष दिला म्हणजे घरच्या पुरुषांना शहाणे करावे लागत नाही.

तिला मारल्यावर जेवण उरकून येहू म्हणाला, तिला पुरा, काही झाले तरी ती राजाची लेक आहे. तोवर पुरण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. जन्मभर बापाच्या करारापायी जी परमुलखात राहिली, तिचा बाप तिच्या वैऱ्याला आठवला तो असा. निदान आपण तरी तो आधी आठवावा. घर बुडाल्याचा हिशेब मागायचाच असेल, तर तो आधी व्याह्यांकडे मागा. सुनेकडे नंतर या.