दस्तऐवज आपले, किल्लीही आपलीच असावी

स्मरणिका काढावयाची ठरली की कोणत्याही संस्थेत पहिली धावपळ होते ती जुन्या छायाचित्रांसाठी. स्थापनेच्या दिवसाचे छायाचित्र एखाद्या माजी शिक्षकाच्या घरी भिंतीवर असते, पहिल्या तुकडीची हजेरीवही अडगळीच्या खोलीत सापडते, अभिप्राय-पुस्तिकेतील नेमके हवे ते पान फाटून गेलेले असते. स्मरणिका छापून होते, गोळा केलेला ऐवज पुन्हा विखुरतो आणि पुढील महोत्सवास तीच शोधाशोध नव्याने आरंभावी लागते. प्रस्तुत लेखाचा आग्रह एवढाच की, हा ऐवज एकदा नीट नोंदवून कायमचा जतन व्हावा आणि त्यासाठी जी संगणकप्रणाली वापरली जाईल ती मुक्तस्रोत असावी.

हा प्रश्न आपल्या समाजाला इतरांहून अधिक जिव्हाळ्याचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजर्षी शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले आणि ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’. या पत्रांचे उपलब्ध अंक एकत्र करून ते वाचकांच्या हाती ग्रंथरूपाने देण्यास १९९० साल उजाडले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रकाशित केले, त्यामागे वसंत मून यांचे अथक परिश्रम होते. तरीही १९८७ च्या तिसऱ्या खंडातील काही लेखन अपूर्ण अवस्थेतच छापावे लागले, कारण पुढील प्रकरणे हाती लागली नाहीत. ज्यांनी ग्रंथांसाठी ‘राजगृह’ बांधले, त्यांच्या हस्तलिखितांची ही कथा. मग गंगाखेड तालुक्यातील एखाद्या कार्यकर्त्याच्या वहीची काय कथा असेल, याचा विचार आपणच करावा.

मराठवाड्यातील लोखंडी पेट्यांमध्ये आज काय आहे? १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीचे निजामी अमदानीतील उर्दू कागद आहेत, क्वचित मोडी लिपीतील खतपत्रे आहेत. धर्मांतरानंतर गावोगाव उभ्या राहिलेल्या विहारांचे वर्गणीचे हिशेब आहेत, गायनपार्ट्यांच्या गाण्यांच्या वह्या आहेत, भीमजयंतीच्या भाषणांच्या ध्वनिफिती आहेत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला तेथपासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतच्या साडेपंधरा वर्षांतील पत्रके, निवेदने, समन्स आणि तुरुंगातून घरी आलेली पत्रे आहेत. हे लिहिणारी आणि जपणारी पिढी झपाट्याने निघून जात आहे. वाळवी, कसर आणि गोदावरीकाठची ओल यांना कोणाच्याही स्मृतीची पर्वा नसते. याच गंगाखेडच्या संत जनाबाईंचे अभंग आपल्यापर्यंत पोहोचले, कारण ते कोणीतरी गायिले, कोणीतरी वहीत उतरून ठेवले. जे उतरले गेले नाही ते किती होते, हे सांगणारा आज कोणी नाही.

अभिलेखागार म्हणजे ग्रंथालय नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पुस्तकाच्या अनेक प्रती असतात; पत्र, वही, हजेरीपट यांची बहुधा एकच प्रत असते. पुस्तक विषयानुसार लावता येते. परंतु एका व्यक्तीच्या पेटीतील कागद विषयवार विखुरले तर त्यांचा परस्परसंबंध तुटतो आणि अर्थही हरवतो. म्हणून एका मूळस्थानाचे कागद एकत्रच ठेवावयाचे, हा अभिलेखशास्त्राचा पहिला नियम आहे. संग्रह, त्यात मालिका, मालिकेत धारिका, धारिकेत नग, अशी त्याची उतरंड असते. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेच्या वर्णन-मानकानुसार सहा गोष्टींची नोंद अत्यावश्यक असते: संदर्भांक, शीर्षक, निर्माता, काळ, आकारमान आणि वर्णनाची पातळी. सहा रकान्यांची ही नोंद इयत्ता नववीचा विद्यार्थीही करू शकतो.

याच मानकांवर उभारलेली ‘ॲक्सेस टू मेमरी’, संक्षेपाने ‘ॲटम’, ही प्रणाली आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेच्या पुढाकाराने कॅनडातील ‘आर्टिफॅक्च्युअल सिस्टिम्स’ या संस्थेने घडविली. २००८ साली तिचे प्रारंभिक रूप लोकांसमोर आले. ‘आर्काइव्हस्पेस’ ही तिच्याच वर्गातील दुसरी प्रणाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असलेल्या बंगळूरुच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राने आपल्या अभिलेखागारासाठी ती स्वीकारली आहे. मुंबईतील कलावंतांच्या सहभागातून २००८ मध्ये सुरू झालेला ‘पॅड डॉट मा’ हा चलचित्रसंग्रहही मुक्तस्रोत प्रणालीवरच चालतो. म्हणजे ही वाट अनोळखी नाही. ती अद्याप आपल्या गावापर्यंत आलेली नाही, इतकेच.

मुक्तस्रोत म्हणजे केवळ फुकट नव्हे. अशी प्रणाली कोणत्याही कामासाठी चालविण्याचे, तिची आतील रचना पाहण्याचे, तिच्या प्रती इतरांस देण्याचे आणि तीत सुधारणा करून त्या वाटण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्यास असते. ग्रंथालयांत सर्वदूर वापरली जाणारी ‘कोहा’ ही प्रणाली न्यूझीलंडमधील एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयाने घडवून घेतली आणि २००० सालच्या प्रारंभी कामास लावली. ‘कोहा’ या माओरी शब्दाचा अर्थ भेट. जी स्वीकारल्यावर आपणही काही देणे लागतो, अशी भेट. दानपारमितेचे संस्कार ज्या शाळेत होतात तेथे या कल्पनेचे अधिक विवरण करण्याची आवश्यकता नसावी.

याउलट बंदिस्त प्रणालीत दस्तऐवज आपले असतात आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती असते. दरसाल भाडे भरावे लागते. भाडे थकले किंवा कंपनीच बंद पडली तर नोंदी आत अडकतात. याचा अनुभव मराठी मुद्रणाने घेतलेलाच आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी निरनिराळ्या अक्षरसंचांत जुळविलेल्या स्मरणिकांच्या धारिका आज उघडल्या तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. तो अक्षरसंच नसला की मजकूर असून नसल्यासारखा होतो. सर्वांसाठी खुल्या असलेल्या युनिकोड मानकात केलेले लेखन मात्र कोणत्याही यंत्रावर वाचता येते. जे अक्षरांचे, तेच अभिलेखांचे.

या विचारावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, मुक्तस्रोत प्रणालीस कोणी धनी नसतो. ती बिघडली तर दाद कोणाकडे मागावी? आक्षेपात तथ्य आहे. अशी प्रणाली बसविण्यास जाणकार लागतो, संगणक लागतो, निगा राखावी लागते आणि त्यासाठी खर्च येतो. परंतु परवान्यावर जाणारा तोच पैसा येथे आपल्याच एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या प्रशिक्षणावर खर्च होतो आणि ते ज्ञान संस्थेत राहते. दुसरा आक्षेप असा की, छायाचित्रे भ्रमणध्वनीवर टिपून ठेवली की पुरे. दहा हजार छायाचित्रे असतील आणि त्यांतील माणसे कोण, प्रसंग कोणता, साल कोणते याची नोंद नसेल, तर तो संग्रह नव्हे, ढीग होय. तिसरा आक्षेप असा की, हे सारे एखाद्या मोठ्या विद्यापीठास सोपवावे. प्रत अवश्य द्यावी. परंतु मूळ ऐवज जेथे निर्माण झाला, तेथील मुलांच्या डोळ्यांसमोर असावा, असे मला वाटते.

आणखी दोन गोष्टी प्रणालीहून महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे नोंदीतील शब्द. आजवर आपल्याविषयीची नोंद बहुधा दुसऱ्यांनी केली. सरकारी कागदात जिला ‘दंगल’ म्हटले आहे, तिला वस्तीतील माणूस कोणत्या नावाने आठवतो, हे नोंदीत यावयास हवे. ‘ॲटम’मध्ये विषयांची सूची आपणच तयार करू शकतो आणि पटलावरील शब्दयोजनाही भाषांतरित करता येते, तेथे मराठी शब्द घालण्याचे काम आपणच अंगावर घ्यावे. दुसरी गोष्ट मर्यादेची. शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरमध्ये जात, जन्मतारीख, पालकाचा व्यवसाय असतो. वसतिगृहाच्या कागदांत आजारपण आणि दारिद्र्य यांच्या नोंदी असतात. त्या जतन कराव्यात, जाहीर करू नयेत. नोंद अप्रकाशित ठेवण्याची सोय प्रणालीत आहे. ती वापरण्याचा विवेक मात्र माणसांकडे हवा.

आरंभ लहान असावा. कागद स्वच्छ करून कापडी रुमालात बांधावेत. दहा आजी-माजी विद्यार्थ्यांनी एक यादी युनिकोड मराठीत, ‘लिब्रे ऑफिस’सारख्या मुक्त प्रणालीतील तक्त्यात सहा रकान्यांनी भरावी, असा तक्ता पुढे ‘ॲटम’मध्ये घेता येतो. इंटरनेट नसले तरी काम अडत नाही, कारण ही प्रणाली शाळेतील एका संगणकावरही चालू शकते. प्रत्येक नगाच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक गंगाखेडबाहेर असावी. बुद्धवचन शतकानुशतके टिकले ते एका पेटीत जपले म्हणून नव्हे. अनेक मुखांनी ते धारण केले, अनेक देशांनी ते उतरून घेतले म्हणून. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे भरलेल्या सहाव्या संगीतीतील पाली त्रिपिटक पुढे इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकावर आणले आणि अनेक लिप्यांत सर्वांना विनामूल्य दिले. तो आदर्श आपल्याच महाराष्ट्रातील आहे.

या स्मरणिकेसाठी जमलेला ऐवज ज्याचा त्याला परत करण्यापूर्वी त्याची नोंद व्हावी, देणाऱ्याचे नाव तीत आदराने लिहावे, त्याच्या संमतीने प्रत ठेवावी. येत्या १४ एप्रिलपर्यंत पहिल्या शंभर नगांची यादी पूर्ण झाली, तर संस्थेच्या पुढील इतिहासकाराला आरंभ करण्यासाठी हाती काहीतरी असेल.