शुक्रवारीं जन्मला तो कोफी

पृथ्वीच्या गोलावर ग्रिनिचपासून सरळ दक्षिणेकडे बोट नेलें, तर फ्रान्स, स्पेन व सहाराचें वाळवंट ओलांडून तें ज्या देशांतून समुद्रांत उतरतें, तो पश्चिम आफ्रिकेंतील घाना. ह्या महिन्यांत मुलांस ह्या देशाची ओळख करून द्यावी, अशी आमची सूचना आहे.

आफ्रिका म्हटली कीं मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: तेथें वाघ किती? वाघ आफ्रिकेच्या रानांत मुळींच नाहींत, हें ऐकून तीं हिरमुसतात. परंतु पुढें जें त्यांच्या तोंडून निघतें, तें अधिक खेदजनक असतें. काळ्या वर्णाची थट्टा तीं आपल्याच माजघरांत शिकलेलीं असतात. सरसकट 'हबशी' म्हणणाऱ्या वडील मंडळींनीं एवढें तरी ध्यानांत घ्यावें कीं, हबश म्हणजे आजचा इथिओपिया; मलिक अंबर तिकडचा. घानाची राजधानी अक्रा तेथून ४,००० किलोमीटरांहून दूर आहे! म्हणून आमचें मत असें कीं, ओळखीचा आरंभ हत्तीपासून न करितां माणसाच्या नांवापासून करावा.

घानांतील अकान लोकांत मूल ज्या वारीं जन्मतें, त्या वाराचें नांव त्याला जन्मतःच मिळतें. सोमवारचा मुलगा कोजो, मुलगी अज्वोआ. शुक्रवारचा कोफी, मुलगी अफुआ. शनिवारचा क्वामे, मुलगी आमा. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ रोजीं जन्मले. तो शुक्रवारच होता. आठव्या दिवशीं बाळास घराबाहेर आणून नामकरण करितात. त्या वेळीं जिभेवर पाण्याचा व मद्याचा थेंब ठेवून, पाण्याला पाणी म्हण आणि मद्याला मद्य म्हण, असें त्यास सांगतात. मद्याच्या नांवानें आजीबाई नाक मुरडतील खऱ्या. पण त्यांतील अर्थ सर्वांआधीं त्यांनाच पटेल.

मग गोष्ट सांगावी. क्वाकू अनान्से हा कोळी, नांवाप्रमाणें बुधवारचा. त्यानें जगांतील सगळें शहाणपण एका मडक्यांत भरलें व तें लपविण्यास उंच झाडावर चढूं लागला. मडकें पोटावर बांधलेलें, त्यामुळें झाडाला मिठी बसेना. खालून त्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, मडकें पाठीवर बांधा ना!" एवढें शहाणपण बाहेर राहिलेंच कसें, ह्या संतापांत अनान्सेनें मडकें खालीं टाकलें. तें फुटलें, आणि ज्याला जेवढें सांपडलें तेवढें त्यानें उचललें. ही गोष्ट घरांतल्या आजोबांनीं सांगितली, तर नातवंडांस विशेष गोड लागेल.

अनान्सेच्या गोष्टी अटलांटिक महासागरापलीकडे जमेकांतही सांगतात. त्या तिकडे कशा गेल्या, असें एखादें चौकस मूल विचारील. तेव्हां विषय टाळूं नये. घानाच्या किनाऱ्यावर एल्मिना येथें पोर्तुगीजांनीं १४८२ मध्यें किल्ला बांधला, तो सोन्याच्या व्यापारासाठीं. पुढें माणसांचाच व्यापार सुरू झाला, आणि तळघरांत कोंडलेलीं माणसें जहाजांत घालून अमेरिकेकडे नेण्यांत आलीं. त्यांचें सर्वस्व मागें राहिलें. गोष्टी तेवढ्या बरोबर गेल्या. दहा वर्षांच्या मुलास हें समजतें, असा आमचा अनुभव आहे. किल्ला अद्याप उभा आहे. ज्या देशास इंग्रज 'सुवर्ण किनारा' म्हणत, तो ६ मार्च १९५७ रोजीं स्वतंत्र झाला व त्यानें घाना हें नांव घेतलें. त्याच्या पहिल्या पंतप्रधानांचें नांव क्वामे एन्क्रुमा. त्यांचा वार मुलें आतां स्वतःच सांगतील.

सृष्टीचें वर्णन यापुढें. हत्ती उत्तरेकडील मोले येथील अभयारण्यांत आहेत. परंतु आम्हांस अधिक नवल वाटतें तें कोकोच्या झाडाचें. त्याचीं फळें फांदीच्या शेंड्यास न लागतां थेट खोडास लटकतात. मूळचें हें झाड अमेरिकेंतलें. टेटे क्वार्शी नांवाच्या एका कारागिरानें १८७९ मध्यें फर्नांडो पो बेटावरून त्याचें बीं आणून घानांत लावलें, आणि आज कोको पिकविणाऱ्या अग्रगण्य देशांत घाना आहे. गरासकट बिया केळीच्या पानांखालीं पांच-सहा दिवस आंबवितात व नंतर उन्हांत वाळवितात. त्यावांचून चॉकलेटास त्याची चव येत नाहीं. मुलांच्या हातीं वडी देतांना हें सांगावें.

राहिलेल्या वारांचीं नांवें अशीं: मंगळवारचा क्वाबेना, मुलगी अबेना, बुधवारची मुलगी अकुआ, गुरुवारचा याव, मुलगी या, रविवारचा क्वासी, मुलगी अकोसुआ. घरांतील सर्वांच्या पत्रिका आधींच काढून ठेवाव्या. आजोबांचा वार मुलें सर्वांत अगोदर विचारतील.